एकेक कॉक बंद

गळती शोधण्यात थेंबमास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंतीला ओल आली की लोक आधी रंगाऱ्याला बोलावत, आणि त्याने हात टेकले की यांना. हे येत, भिंतीला कान लावत, घरमालकाकडे चोराकडे बघावं तसं बघत आणि एकेक कॉक बंद करायला लागत. आधी बाथरूम, मग संडास, मग स्वयंपाकघर. ज्या कॉकला मीटर थांबलं, तिथे चोर! पाणी आपोआप जात नाही, कुठेतरी भोक असतंच, असं त्यांचं ठाम मत, आणि ते माणसांनाही लावायचे. शेजाऱ्याने साधी तब्येत विचारली तरी याला आपल्याकडून काय उपटायचंय, हा विचार आधी.

दिवसभर लोकांच्या सिंकखाली आडवं पडून झालं की संध्याकाळी मेहुण्याच्या बारमध्ये एक बिअर, ही त्यांची चैन. एकीच्या दोन व्हायच्या, मग मोजणं सुटायचं. बायको आधी भांडली, मग तिने अबोला धरला, शेवटी नादच सोडला. आणि गंमत बघा, तिने नाद सोडला आणि इकडे मास्तरांना बिअर नकोशी झाली. ग्लास पुढ्यात यायचा, फेस बसायचा, आणि हे नुसते बघत राहायचे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने उपाय म्हणून नवी बिअर पुढे केली. गव्हाची, संत्र्याची साल घातलेली. मास्तरांनी ग्लास दिव्यासमोर धरला. गढूळ! टाकी शेवटची कधी धुतली होतीस, असं त्यांनी विचारलं. ही अशीच असते हो, म्हणत मेहुणा हसला. मास्तरांनी बिचकत घोट घेतला. आधी आंबट, मग सालीचा किंचित कडूपणा, आणि मागून ताज्या पावासारखा मऊ वास. चव झकास होती. दुसरा घोटही झकास. पण तिसरा काही घ्यावासा वाटेना. जीभ शाबूत, नाक शाबूत, मग हौस गेली कुठे?

"भावोजी, ताईने चहात काही घातलं नाही ना?" मेहुण्याने विचारलं. आणि एका गिऱ्हाइकाच्या बायकोने दारू सोडवायची पूड नवऱ्याला गुपचूप कशी चारली, ते तिखटमीठ लावून सांगितलं. मास्तर हसले नाहीत. हा तिचा सख्खा भाऊ, याला हे बरं सुचलं! त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

झालं, मास्तरांनी कामाला सुरुवात केली. आधी घरचा चहा बंद. पित्त झालंय म्हणून सांगितलं. संध्याकाळची संत्र्याची बिअर हे मीटर: हौस परत आली की चोर सापडला. दोन घोटांपुढे गाडी जाईना. मग डबा बंद. तो ते गल्लीतल्या कुत्र्याला घालायचे आणि त्याच्यावर नजर ठेवायचे. कुत्रा मजेत होता. पण कुत्रा मुळातच पीत नव्हता, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. शेवटी रात्रीचं जेवणही बंद. बायको ताट वाढून बसायची आणि हे भूक नाही म्हणून कूस बदलायचे, पोटात कावळे कोकलत असताना. यांचा शर्ट धुवायला टाकताना ती नाकाशी धरते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. बघा, औषध लागू पडलं का ते तपासतेय!

सगळे कॉक बंद झाले तरी मीटर जागचं हलेना. मग एके दिवशी ती बाजारात गेलेली बघून मास्तरांनी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. डबे झाले, फळ्या झाल्या. राहिलं घरचं सिंक. त्याखाली बादली होती. पाइप कित्येक वर्षं ठिबकत होता, ती सांगून सांगून थकली होती, आणि ती बादली रोज तीच ओतत होती. मास्तर आडवे झाले आणि पाइपामागे हात घातला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुडी हाताला लागली.

पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला. सापडली! मग त्यांनी ती उजेडात धरली. कागद पिवळा पडला होता, अक्षरं उडाली होती, आणि सील जसंच्या तसं होतं. तेवढ्यात बायको दारात.

तिने आधी पुडीकडे पाहिलं, मग ओट्यावर पसरलेल्या डब्यांकडे. तिच्या सगळं लक्षात आलं. पिशवी खाली ठेवून ती खुर्चीवर बसली.

"तुमचं पिणं फार वाढलं होतं, तेव्हा आणली होती," ती म्हणाली. "कात्रीही घेतली होती हातात. मग वाटलं, हे तुम्हाला कधी कळलं, तर तुम्ही जन्मभर माझ्या हातचा घास निर्धास्त खाणार नाही. त्यापेक्षा दारू परवडली."

ती इथे का ठेवली, तेही तिने सांगितलं. घरात तुम्ही चुकूनही हात घालणार नाही, अशी हीच एक जागा होती. आणि शर्टाला येणारा तो संत्र्याचा वास तिला रोज खात होता. घरचं अन्न सोडून नवरा कुठे रमलाय, कुणाच्या घरी जेवतोय, हे तिला कळेना. मास्तरांना इतकी लाज वाटली की ते जमिनीवरून उठलेच नाहीत. पिण्यावरचं मन आपोआपच उडालं होतं. कुठेही भोक नव्हतं.

"वाढ," शेवटी ते म्हणाले. "भूक लागलीय मला."

तिने ताट वाढलं. समोर ठेवण्याआधी त्यातला एक घास मोडून स्वतः खाल्ला आणि मग ताट त्यांच्याकडे सरकवलं. असं नको गं, म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण त्यांची नजर आधीच तिच्या गळ्याकडे गेली होती, घास गिळला का ते बघायला. आणि तिने ते पाहिलं.