खुर्चीच्या पाठीवरचा हात

माझं तोंड कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत पोरी माझ्या माघारी मला मिलचा भोंगा म्हणतात – आणि भोंगा निदान वेळ पाहून तरी वाजतो. अशा बाईनं एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली असेल, पटतं का तुम्हाला? दादाला सांगितली नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून होते – तिलाही नाही. आणि आज तुमच्यापुढं बसलेय तरी बघा, आधी कॅमेऱ्याविषयीच बोलणार आहे. तेवढं सोपं आहे म्हणून.

नवरा वारला तेव्हा मला काही कळतही नव्हतं. सासरच्यांनी आणून सोडलं, तेव्हापासून मी दादाच्या घरी. दादा मिलच्या ऑफिसात कारकून. त्यानंच मला शिकवलं, मुलींच्या शाळेत लावलं, आणि नोकरी पक्की झाली तेव्हा म्हणाला, माग काय हवं ते. मी कॅमेरा मागितला. आईनं कपाळाला हात लावला. मी बांगड्या मागितल्या असत्या तरी तिला एवढा धक्का बसला नसता.

आणायला मी आणि वहिनी गेलो. वहिनी म्हणजे दादाची पहिली बायको, अनसूया – माझ्याहून थोडी मोठी, आणि त्या घरात माझ्याशी हसून बोलणारी एकटीच. नव्या पेठेत घड्याळांचं एक दुकान होतं, तिथं कॅमेरेही मिळत आणि फोटोही धुऊन देत. दुकानदारानं आधी भात्याचा कॅमेरा काढला – उघडला की आतून कातडी भाता पुढं येतो, मग अंतराचे आकडे जुळवायचे, उजेड कमीजास्त करायचा. माझा जीव त्याच्यावरच गेला. दुसरा म्हणजे नुसती काळी पेटी. पुढं भिंग, बाजूला खटका आणि फिल्म सरकवायची चावी, पाठीमागं तांबडी काच – तिच्यातून फिल्मवरचा आकडा दिसतो. संपलं. दुकानदार म्हणाला, बाई, शिकायचं असेल तर पेटी घ्या. ऊन पाठीशी ठेवा, पेटी पोटाशी धरा, श्वास रोखून खटका दाबा. आणि एक विसरू नका – दर फोटोनंतर पुढचा आकडा येईतो चावी फिरवायची. नाही फिरवलीत तर एका फोटोवर दुसरा बसेल, आणि पेटी काही तुम्हाला अडवणार नाही.

वहिनीनं भात्याकडं बघून नाक मुरडलं. "वन्सं, ह्याची तऱ्हा तुमच्या दादांसारखी दिसतीय. रोज उठून मर्जी सांभाळा. पेटीच घ्या की." दुकानदार हसला, मी लाजले, आणि आम्ही पेटी घेऊन घरी आलो.

शिकताना मी चावी हमखास विसरायचे. म्हणून ते काम वहिनीनं आपल्याकडं घेतलं. मी तलाव काढू दे, किल्ल्याचा दरवाजा काढू दे, गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी काढू दे – ती शेजारी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि खटका वाजला रे वाजला की म्हणायची, "चावी, वन्सं." शिकवणी म्हणाल तर माझी एवढीच झाली. मात्र ती स्वतः कधी भिंगापुढं उभी राहिली नाही. फोटो काढला की आयुष्य उणं होतं असं तिच्या माहेरी म्हणत.

मग तिला दिवस गेले. आणि इतकी वर्षं नको म्हणणारी ती बाई एक दिवस मला म्हणाली, माझा एक काढा – अशी भरलेली मी परत दिसीन का? आईचा तर सक्त दंडक होता, गर्भारशीचा फोटो काढायचा नाही, जिवाला धोका. म्हणून आई मावशीकडं बार्शीला गेली आणि दादा मिलमध्ये, असा दिवस आम्ही धरला. आमच्या परसात काळ्या दगडाची भिंत आहे. तिच्यापुढं मी वडिलांची बुटक्या पाठीची खुर्ची मांडली. वहिनी काही तीत बसेना – मामंजींची खुर्ची, मी कशी बसू. म्हणून ती मागं उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून. मी खटका दाबला. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती तशीच आत पळाली.

चावी म्हणायला कुणी उरलंच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला ताप भरला, आणि पोटातल्या जिवासकट ती गेली. मी पेटी फडक्यात बांधून फडताळात वर टाकली. मुलींना भूगोल शिकवणारी बाई मी – आणि मनात एकच, हे मी केलं का? तुम्ही हसाल. पण त्या घरात, आई छाती पिटत असताना, तुम्ही काय मानलं असतं ते तुम्हाला सांगता येईल?

वर्ष उलटलं आणि दादाचं दुसरं लग्न झालं. गोदा. जेऊर स्टेशनापासून गाडीवाटेनं आत तिचं गाव. माझ्या शाळेतल्या थोराड मुलींएवढी असेल नसेल. मला वन्सं, वन्सं करत मागं मागं यायची. मी तिला वहिनी म्हटलं नाही, कधीच. तो शब्द माझ्याकडं एकच होता आणि तो दिलेला होता. दादा म्हणाला, तुझी पेटी काढ की, नव्या नवरीचा एक फोटो असू दे. मी पेटी उतरवली. तांबड्या काचेत आकडा दिसत होता, पुढचाच असेल असं धरून चालले. तीच भिंत, तीच खुर्ची. गोदाला बस म्हटलं तर बिचारी लगेच बसली, मामंजी कोण ते तिला कुठं ठाऊक. मी खटका दाबला, आणि या खेपेला चावी मला आपसूक आठवली.

आता नीट ऐका – कारण इथवर सगळी चूक आहे, गुन्हा पुढं आहे.

फोटो आणायला मी एकटीच गेले. भर दुपार होती, बाहेर टांगेवाले भांडत होते. दुकानदारानं फोटो काचेच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, एवढं सांगूनही चावी विसरलात. दोन बसलेत एकावर एक." मी म्हटलं, "हो."

हो म्हटलं. म्हणजे मला कळलं होतं. कुणी असं म्हणू नये की तिला बिचारीला उमगलंच नाही.

फोटोत गोदा खुर्चीत बसली होती आणि तिच्या मागं वहिनी उभी होती. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला वहिनीचा हात नेमका गोदाच्या खांद्यावर आला होता. काळ्या भिंतीमुळं वहिनीचं तोंड लख्ख उमटलं होतं, हसू येता येता राहिलेलं. आणि गोदाच्या तोंडावर वहिनीचं फिक्कट लुगडं, तिचं ते भरलेलं पोट. त्यातून गोदाचे नुसते डोळे तेवढे कळत होते. दुसरं काही नाही.

वाटेत तो फाडता आला असता. घरी जाऊन खरं सांगता आलं असतं. मी काय केलं? आई देवापाशी वाती वळत बसली होती. तिच्यापुढं मी तो ठेवला आणि पाय धुवायला निघून गेले. मोरीत उभी होते तोवर आईचा आवाज आला – किंकाळी नव्हे, ती हळूच म्हणाली, "आलीस का गं बाई."

वहिनीचा फोटो निघाला होता हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. हे तुमच्या ध्यानात आलं ना? दादाला नाही, आईला नाही. मी तोंड उघडलं असतं तर आधी तेच उघडं पडलं असतं – की आईचा दंडक मोडून मी गर्भारशीला भिंगापुढं उभी केली. मग आई म्हणाली असती, तूच खाल्लीस तिला. त्या वाक्याला मी भ्याले. ते वाक्य माझ्यावर यायच्या ऐवजी गोदावर जाऊ दिलं. आणि सगळं सांगायचंच तर – वहिनी परत घरात आली, याचा मला आनंदही झाला होता.

पुढचं तुम्हीच ओळखाल. देवऋषी झाला, उतारे झाले. पोटुशी गेलेली बाई घर सोडत नाही, म्हणून तिची मूर्त ठोकलेला चांदीचा टाक घडवून गोदाच्या गळ्यात घातला. तशी दुसरेपणावर आलेल्या बायका सवतीचा टाक घालतात, त्यात काही नवं नाही. पण त्यांच्या सवतीचा हात खांद्यावर दिसलेला नसतो. गोदा खुर्चीत बसायची बंद झाली. मग डावा खांदा जड वाटतो म्हणू लागली. ती डाव्या हातानं घागर उचलीना. ताट वाढलं की आधी थोडा वेळ बसून राहायची, म्हणायची, अक्कांचं व्हऊ द्या – वहिनीला ती अक्का म्हणायची. नवं लुगडं आलं तर मोकळ्या जागेकडं बघून विचारायची, अक्का, नेसू का?

मुलगी झाली. आईनं तिचं नाव अनसूया ठेवलं, म्हणजे गेलेली तृप्त होईल. आणि मग गोदाला स्वतःच्या लेकराला नावानं हाक मारता येईना. पाळण्यातल्या तान्ह्या पोरीला ती हात जोडून विचारायची, अक्का, पाजू का? मी शेजारच्या खोलीत मुलींच्या वह्या तपासत ते ऐकत असे. मला खरं ठाऊक होतं – आणि तरी त्या खुर्चीजवळून जाताना मीच पदर आवरून घ्यायला लागले होते. कुणाला लागू नये म्हणून? ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

एकदा तिनं मला विचारलं. दुपारी आम्ही दोघीच ज्वारी निवडत होतो. सुपातले खडे बाजूला काढता काढता म्हणाली, "वन्सं, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा की. अक्का खऱ्याच हायेत का वो?" माझ्याकडं बघत होती. मी जे म्हणेन ते ती मानणार होती, आईचं नाही, देवऋष्याचं नाही. चावी विसरले होते गं, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "फोटोत दिसतंय की."

ती बरं म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

पुढं तिला बारीक ताप येऊ लागला, खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, मिलच्या धुरातून हिला बाहेर काढा, गावाकडं मोकळ्या हवेत नेऊन ठेवा. तिचा बाप गाडी घेऊन आला, दारात उभा. ती गेली नाही. म्हणाली, अक्का सोडत न्हाईत, मी न्हाय येत. बाप रडत परत गेला. मी तिथंच उंबऱ्याशी होते. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. बोलले नाही. अनू चालायला लागली त्या सुमाराला गोदा गेली.

अनूला मीच वाढवली. आता उंचीनं माझ्या कानाशी आलीय. फोटो देवघरात असतो, आणि गोदाचा म्हणून दुसरा फोटो जगात नाही. लहान असताना तिनं मला विचारलं होतं, आत्या, यातली माझी आई कोणती? मी बोट ठेवलं. ती फोटोवर वाकली आणि म्हणाली, हिला तोंडच नाही.

परवा तिनं हट्ट धरला, मला फोटो काढायला शिकायचंय. दादा दुकानातून कागद घेऊन आला, त्यावर कितीतरी कॅमेरे, भात्याचे, बिनभात्याचे. आत्या, नवशिक्यानं कोणता घ्यावा? मी म्हटलं, पेटीच घे, सोपी असते. जुनी काढून दिली आणि परसात घेऊन गेले. ऊन पाठीशी ठेव, पेटी पोटाशी धर, खटका दाब, चावी फिरव. पोरगी हुशार आहे, सगळं पहिल्या झटक्यात कळलं. मग तांबड्या काचेत डोळा लावून तिनं विचारलं, "आणि चावी फिरवायची राहिली तर काय होतं गं, आत्या?"

मी म्हटलं, "काही नाही. फिल्म वाया जाते."

तिनं मान हलवली. रोज शाळेतून आली की पेटी घेऊन परसात असते, मी आतून खटका ऐकते आणि पाठोपाठ चावीचा आवाज येतो का ते ऐकत राहते. अजून तरी येतो. पण एक ना एक दिवस ती विसरेल. शिकताना सगळेच विसरतात.