बटईचा गोऱ्हा

करीममामू माणसाचे पाय आधी बघायचा. मग वाटलं तर तोंड. आम्ही पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी मी सामान उतरवत होते आणि हा शेजारच्या ओट्यावर बसला होता. ओळख ना पाळख, म्हणाला, "वैनी, तुमचा उजवा पाय बाहेर पडतो. चप्पल एकाच बाजूनं झिजत असंल." मला राग आला. तो आत गेल्यावर चप्पल उलटी करून पाहिली. एकाच बाजूनं झिजली होती.

मामू लोकोशेडला फायरमन होता. इंजिनात कोळसा मारून यायचा, तोंड धुवायचा आणि शेडमागच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवायचा. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. कधी एसट्या बंद, कधी बाजार बंद. माणसं एकमेकांच्या ओट्यावर चढेनात. मामूचं मैदान चालू राहिलं. कॉलनीतली, बौद्धवाड्यातली, गावातली सगळी पोरं तिथं यायची. तो फार गोड होता म्हणून नाही. शिव्या तो सगळ्यांना सारख्याच द्यायचा.

त्याच्या टीमचा करार पाडव्याचा असायचा. शेतकरी सालगडी ठेवतो, तसाच. पाडव्याला पोरांना ओळीनं बसवून एकेकाला विचारायचा, "ऱ्हातो का जातो?" राहणाऱ्याच्या हातावर सुपारी ठेवायचा. ती घेतली की वर्षभर दुसऱ्या टीमकडून खेळायचं नाही. पुढच्या पाडव्याला सगळे मोकळे.

माझा दत्ता लहानपणापासून त्याच्या हाताखाली होता. त्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी हैदराबादकडच्या एका कारखान्याच्या टीमनं त्याला हेरलं. राहणं, जेवण, बूट त्यांचे आणि पुढं कारखान्यात नोकरी. माझा दीर दरसाली ऊसतोडीला जायचा आणि दत्ताला सोबत मागत होता. म्हणजे एकीकडं नोकरी होती आणि दुसरीकडं कोयता.

त्या कारखान्याच्या टीमचा साहेब हुशार. आमची रीत कुणाकडून तरी समजून घेऊन बरोबर पाडव्याला आला. गुढी उभारून झाली होती. मामूच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आज साल सरलं ना? मग मुलगा मोकळा. संध्याकाळच्या गाडीनं नेतो."

"मोकळा हाय. न्या की," मामू म्हणाला. "माझं काय ते देऊन न्या."

"करार संपल्यावर कसलं देणं?"

"साल सालगड्याचं सरतं, साहेब. ह्यो बटईचा गोऱ्हा हाय."

साहेबाला कळलं नाही. मला कळलं. मी पेडगावची. आमच्याकडं ज्याच्याजवळ चारा नाही तो आपला गोऱ्हा दुसऱ्याला बटईनं सांभाळायला देतो. त्याचा बैल होऊन विकला की दिला त्या दिवशीची किंमत मालकाची, आणि वर जेवढी वाढली तिचे दोन वाटे. एक मालकाचा, एक सांभाळणाऱ्याचा.

"मामू, माझं लेकरू जनावर हाय का?" मी विचारलं.

"जनावर असतं तर कवाच सोडून दिलं असतं, वैनी."

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "हा माणूस उठून गेला तर पोरगं उसात जाईल. तुमचं काय जायलंय? सोडा की."

मामू हळू आवाजात बोलला. तो हळू बोलला की मुकाट ऐकायचं असतं. "फुकट आलेला गोऱ्हा पहिल्यांदा लंगडला की कसायाकडं जातो. पैसे मोजून आणला तर त्याच्या पायाला हळद लावत्यात. लय बघितलंय मी."

आम्ही परत ओट्यावर आलो. साहेब हसत होता. "बरं, तुमच्याच रीतीनं करू. आला तेव्हा काय किमतीचा होता? मालक कोण, या आई ना? सांगा आई, मुलगा जन्मापासूनच चपळ असेल."

मी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पोराची सगळी किंमत जन्माचीच, म्हणजे माझी ठरली असती, आणि मी तर काही मागत नव्हते; मामूचा वाटा शून्य, आणि दत्ता संध्याकाळी गाडीत. मामू माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या पायांकडं बघत होता.

"कशाचा चपळ," मी म्हटलं. "सोताच्याच पायात पाय घालून पडायचा. दारातलं कुत्रं त्याच्या हातची भाकर पळवून न्यायचं. तवा त्याची काही किंमत न्हवती. आज जे दिसायलंय ते समदं हितलं हाय."

मामू म्हणाला, "ऐकलं? आता बोला."

मग घासाघीस झाली. साहेब दोनदा उठला आणि दोनदा बसला. गाडीची वेळ जवळ आली तेव्हा पैसे ठरले. मामूनं आपल्या वाट्याचे बॉल आणि बूट आणले, म्हणून त्याच्या बायकोनं आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मी माझ्या वाट्याच्या दोन शेळ्या घेतल्या. पोरगं विकलं म्हणून कॉलनीतल्या बाया बोलल्या. बोलू द्या. खाऊ मी घातलं होतं.

दुसऱ्या वर्षी दत्ताचा गुडघा गेला. त्याच सुमारास त्यांच्या टीममधल्या आणखी एका पोराचा पाय मोडला. ते फुकट आलेलं होतं. त्याला प्लास्टरसकट गाडीत बसवून दिलं. दत्ताला दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन केलं आणि खेळणं जमेना तेव्हा कारखान्यात घेतलं. हे त्यानंच येऊन सांगितलं. मामूनं त्याचा गुडघा दाबून बघितला आणि म्हणाला, "हळद बरी लावली."

पुढं मामू छातीच्या दुखण्यानं गेला. डॉक्टर काहीतरी मोठं नाव सांगत होते. मला विचाराल तर कोळसा होता तो.

त्यानंतरच्या पाडव्याला तोच साहेब परत आला. आता मागणारं कोणी नाही हे त्याला ठाऊक असणार. शेडमधल्या एका खलाशाचा, मामूनंच शिकवलेला पोरगा त्याला पाहिजे होता. बाप बिचारा हात जोडूनच उभा होता. साहेब म्हणाला, "साल सरलं. मुलगा मोकळा."

मी भाकरी टाकत होते. तवा उतरवला, हात धुतले आणि मामूच्या ओट्यावर त्याच्या जागी जाऊन बसले.

"साल सरलं, साहेब," मी म्हटलं. "बटई कुठं सरली? बसा. हा पोरगा आला तवा कसा होता ते आधी त्याच्या बापाला सांगू द्या."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. आणि बसला.