हळदीच्या दिशी माझ्या नातीचे हात बांधले

त्या दिशी मांडवात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजे उद्या कुणी नाय म्हणायला नको. मी होते. माझी थोरली जाऊ होती, तिच्याच नातीची हळद होती. नवरी पाटावर होती. माझी सून होती आन माझी नात, तीन वर्साची पन झाली नव्हती. बाकी आळीतल्या बायका. सगळ्यांनी बघितलंय.

माझी नात बोलत नव्हती. कान चांगले, तपासून घेतले. पनवेलला एक बाई अशा पोरांना बोलायला शिकवते. ती बोल्ली, "आजी, तोंडातनं शब्द येईपर्यंत हाताच्या खुणा शिकवा. पन खूण करताना शब्द बोलायचाच." अंगठा ओठाला लावला की पानी. दोनी हातांची बोटं जुळवून एकमेकांना टेकवली की आजून पायजे. माझी बोटं मासळी कापून वाकडी झालेली, तरी शिकले. आधी पोरगी काय पायजे ते सांगता येत नाय म्हणून भिंतीवर डोकं आपटायची. खुणा आल्या तशी थांबली. मला तेवढं पुरं होतं.

जावेला ते बघवत नव्हतं. "हातानं भागलं तर तोंड कशाला उघडेल गो? मुकी करून ठेवशील तिला."

"वयनी, तुझं उघडं असतं ते काय कमी हाय?" मी बोल्ले.

हळदीला नवऱ्याकडची मानसं यायची होती. मी नि सून मागं चुलीपाशी होतो. जावेला भ्या, पावन्यांनी पोरीच्या खुणा बघितल्या तर म्हणतील, या घरात मुकी पोरं होतात. तिनं माझ्या नातीचे हात ओढनीनं पाठीमागं बांधले आन आतल्या खोलीत बसवली. मी गेले तवा पोरगी खांद्याला ओठ घासत होती. अंगठा पोचत नव्हता ना. मनगटं लाल झालेली. सोडल्या सोडल्या अंगठा ओठाला लावला. पानी पाजलं.

मी रडले नाय, भांडले पन नाय. मी धवलारीन हाय. आमच्यात लग्नाची गानी, धवले, ती गायल्याबिगर नवरीला हळद लागत नाय. दुसरी धवलारीन त्या दिशी उरणला गेलेली. मी नातीला मांडीवर घेऊन पाटाजवळ बसले आन तोंड मिटलं.

"चालू कर गो," जाऊ बोल्ली.

मी अंगठा ओठाला लावला.

"घसा बसला काय?"

परत अंगठा.

"मग काय, तंबाकू पायजे?"

बायका हसायला लागल्या. एक बोल्ली, "काकी, आता हिचे पन हात बांध!" म्हंजे तिला म्हाईत होतं. जावेला कुठं बघू नि कुठं नको झालं. तेवढ्यात पावनी दारात. नवऱ्याची आत्या विचारते, "हळद का थांबली?" सून सांगायला उठली, मी डोळ्यानंच बसवली. जावेनंच सांगायचं होतं, चारचौघीत.

माझं बघून नातीनं पन अंगठा ओठाला लावला. जावेचं तिकडं लक्ष गेलं. मग बोल्ली, "पानी मागते ती. मगाशी पन मागत असंल. मीच हात बांधले." तांब्या आनला, खाली बसली, पोरीला पाजलं. नवऱ्याची आत्या बघत होती. मग मी गायले. नवरीनं काय वाकडं केलं होतं माझं?

लय बरं वाटलं मला. आजून वाटतं. माफ केलेलं नाय. तिच्या उंबऱ्याला पाय लावत नाय.

आता पोरगी अंगठा लावते नि "पा" बोलते. आन जाऊ गावभर सांगत फिरते, मी हात बांधले म्हणून वाचा फुटली. ते ऐकून पलीकडच्या आळीतल्या एका आईनं आपल्या पोराचे हात बांधले. ते कळलं तवा मी हे लिवायला घेतलं.

तुमच्या घरात असं पोर असंल तर त्याचे हात मोकळे ठेवा. त्यानं खूण केली की तो शब्द त्याला बोलून दाखवा, आन मागतंय ते द्या.