कपड्यांचा गवगवा करणारी वैशाली

फोन वैशालीच्याच नंबरवरून आला, म्हणून मी दुकानातून नेहमीसारखा ओरडलो, "बोल व मायबाई, आज कशी आठवण आली?" पलीकडे दुसरीच मुलगी रडत होती. "आप वैशाली के भैया?" ... पुढचं नीट आठवत नाही. समोरचं गिऱ्हाईक फवारणी पंपाचा नोझल मागत होतं आणि मी त्याला तीनदा तोच चुकीचा काढून दिला. माझी धाकटी बहीण मुंबईत डेंग्यूने गेली. चार दिवस अंगात ताप घेऊन ती कामावर गेली, कारण एका फॅशन शोची जबाबदारी तिच्यावर होती. "शो होऊ दे, मग डॉक्टरकडे जाते," असं ती फोनवर रडणाऱ्या या मैत्रिणीला म्हणाली होती. कपड्यांसाठी जीव गेला हो माझ्या बहिणीचा!

वाशीमच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर तिने फॅशनच्या पीआरचा, म्हणजे प्रसिद्धीचा, कोर्स शोधून काढला. बाबांनी विचारलं, "कपडे शिवाचे का इकाचे?"

"दोनी नाई बाबा. लोकायनं त्या कपड्याबद्दल बोललं पाह्यजे, हे पाहाचं."

"म्हंजे दवंडी पिटाची!"

"हो. फक्त डफडं दिसू द्याचं नाई."

बाबा हसले आणि मी तेवढीच संधी साधली. तिला मुंबईला पाठवा म्हणून महिनाभर त्यांच्या मागे लागलो, भांडलो, एक दिवस जेवलो नाही. शेवटी वाशीमजवळच्या आमच्या मालेगावच्या स्टँडवर तिला एसटीत मीच बसवून दिलं आणि नंतर गावभर तिचा गवगवाही मीच केला. दुकानात येईल त्याला सांगायचो, आमची वैशाली नट्यांना कपडे पाठवते.

आणि खरंच पाठवायची. मासिकवाल्यांना फोन करायची, कपडे त्यांच्याकडे पोचवायची, फोटो छापून आले की तेच कपडे डाग बघून परत आणायची. एकही कपडा तिचा नसायचा. पण फोटो छापून आला की सकाळीच मला पाठवायची आणि खाली लिहायची, 'दादा, हे मी केलं.' तिला ते काम मनापासून आवडायचं, हे मी नाकारणार नाही. पेपरात श्रद्धांजली द्यायची म्हणून आम्ही तिचा फोटो शोधायला बसलो, तर प्रत्येक फोटोत ती कुणाचा तरी पदर सावरत वाकलेली, अर्धी कापलेली. जगाचे चेहरे छापून आणणाऱ्या पोरीचा स्वतःचा एक धड फोटो निघू नये? कॉलेजच्या ओळखपत्रावरचा द्यावा लागला. डोकं फिरलं माझं.

आता जे सांगायचं आहे ते बाबांनाही सांगितलेलं नाही. मागच्या सोयाबीन काढणीच्या वेळी तिचा फोन आला होता. "दादा, थकली रे मी. थोडे दिवस घरी येऊ का?" मी मजेत म्हणालो, "येशीन तं झोपशीन कुठं? तुह्या खोलीत सोयाबीनचे पोते लावले आमी." ती हसली. मग मीच समजावत बसलो, "आता काहून सोडतं? लोक काय म्हनतीन?" ती म्हणाली, "बरं, राहू दे." ... बास, एवढंच. नंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पोती तेव्हाच उचलली असती तर काय बिघडलं असतं माझं?

गेल्या आठवड्यात धनजहून चुलतभावाची मुलगी ऋतुजा आली. तिचं बी.कॉम. झालंय आणि त्याच लाइनीतल्या मुंबईच्या एका ऑफिसने तिला बोलावलंय. तिचे वडील म्हणाले, मोठेबाबा, म्हणजे मी, हो म्हणतील तरच जायचं. जा म्हणावं तर हेच तोंड एकदा जा म्हणालं होतं. नको म्हणावं, तर हे काम वैशालीचं किती लाडकं होतं ते मला माहीत. पदवी झालेल्या पोरींनी या धंद्यात पडावं की नाही, मला काय कळतं?

"मोठेबाबा, जाऊ का मी?"

"जाय," मी म्हणालो. "पन तिथून मले 'येऊ का' म्हनून इचारजो नको."

तिचा चेहरा उतरला. "काहून?"

"इचाराचं नाई, बाई. सरळ निंघून याचं," मी म्हणालो, आणि त्या पोरीसमोर मला रडू आवरेना.