कोठाऱ्यांच्या गाडीचा वायरमन

परळला शामरावांच्या गॅरेजात बुधाजी वायरमन होता. गाडीतल्या विजेचं त्याला जेवढं कळे तेवढं तिथे दुसऱ्या कोणालाच कळत नसे. लढाईच्या काळात चार वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकांच्या वायरिंगमध्ये हात काळे करून तो आला होता. तरी फोरमनच्या खुर्चीत शामरावांचा मेव्हणा कोंडीराम. बिघाड बुधाजीने शोधायचा आणि गिऱ्हाइकाला कोंडीरामने समजावून सांगायचा, अशी तिथली रीत.

साठ सालच्या एप्रिलात शिवाजी पार्कचे सॉलिसिटर शरदचंद्र कोठारे आपली दोन सीटची विलायती स्पोर्ट्स गाडी घेऊन आले. गाडी लढाईआधीची, पण हिवाळ्यात अंगभर नवा लाल रंग चढवलेला. महाराष्ट्राच्या स्थापनेच्या मिरवणुकीत ती पुढे चालायची होती आणि तिचं दुखणं काही केल्या जात नव्हतं. बल्ब पटापट उडत. बॅटरीतलं पाणी उकळून आटे. कोंडीरामने दोनदा बॅटरी बदलली, एकदा अख्खा डायनॅमो बदलला. पुन्हा तेच. कोठारे संतापले, तेव्हा कुठे बुधाजीला हाक आली.

"उभ्या गाडीत हे कळायचं नाही, साहेब," बुधाजी म्हणाला. "पळवून बघावी लागेल. मी मीटर घेऊन शेजारी बसतो."

कोठाऱ्यांनी आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. कपड्यांना तेल असतं म्हणूनच असेल, असं बुधाजीने मनाला सांगितलं. शर्ट त्याने सकाळीच धुतलेला घातला होता.

वरळीच्या समुद्राकाठी गाडी सुटली. मांडीवरच्या व्होल्टमीटरचा काटा वेगाबरोबर तेरावरून पंधरावर गेला. तिथे तो थांबायला हवा होता. थांबला नाही, अठरावर गेला. म्हणजे डायनॅमो धडधाकट होता. त्याला लगाम घालणारा रेग्युलेटरच झोपला होता.

कोठारे मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर बोलत होते. "तुमची माणसंही होती ना मोर्चांत?"

"भाऊ होता, सीताराम. छप्पनच्या जानेवारीत लालबागला गोळी लागली. पोटात."

"हुतात्म्यांच्या यादीत नाव आहे त्याचं?"

"नाही. लगेच गेला नाही तो. आठ महिने अंथरुणावर होता. तोवर नावं लिहून झाली होती."

कोठाऱ्यांनी गाडी बाजूला घेतली. "अन्याय आहे हा! ऐका, दादरला हुतात्म्यांच्या घरच्यांचा सत्कार करतोय आम्ही. समितीत मी आहे. तुम्ही पत्नीला घेऊन या. नाव मी घालतो. शब्द देतो."

चार वर्षांत सीतारामबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. बुधाजीला मीटर धड दिसेना.

गॅरेजात येऊन त्याने रेग्युलेटरच्या डब्यापासून एक जादा वायर थेट बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला जोडली आणि इंजिन रेस केलं. काटा पंधराच्या आत गप्प बसला. बिघाड रंगात होता. रंगाऱ्याने डबा परत बसवताना अर्थिंगची वायर नव्या रंगावरच आवळली होती. मध्ये रंगाचा थर आल्यामुळे व्होल्टेज किती चढलं याचा रेग्युलेटरला पत्ताच लागत नव्हता. बुधाजीने बोल्टाखालचा नखाएवढा रंग खरवडला, पत्रा उघडा केला आणि वायर घट्ट बसवली. कोंडीरामने हे सगळं कोठाऱ्यांना आपलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी बुधाजीला त्याचंही काही वाटलं नाही.

"भाऊ तुमचा. मी कशाला?" घरी त्याची बायको कमळाबाई म्हणाली.

"आठ महिने त्याचं हगणंमुतणं तू काढलंस. हार तूच घ्यायचा."

सत्काराच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसली. दोघं चालत दादरला पोहोचली. दारातल्या स्वयंसेवकाने कागद दोनदा चाळला. "नाव नाही."

तेवढ्यात लाल गाडी आली. झेंडूच्या माळा, बॉनेटवर दिव्यांची रांग. कोठारे उतरले, तसा बुधाजी पुढे झाला. "साहेब, मी बुधाजी. सीतारामचा..."

कोठाऱ्यांनी ओळखलं. चेहरा खुललासुद्धा. "अरे वा, बरं झालं आलास!" मग ते स्वयंसेवकाकडे वळले. "हा गॅरेजचा वायरमन. याला गाडीपाशी राहू दे. नंतर मिरवणूक आहे, दिव्यांचं काही झालं तर बघेल."

आणि ते आत गेले.

मघाशी ओठांवर आलेलं भावाचं नाव बुधाजीने पुन्हा उच्चारायला हवं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते "बरं, साहेब."

कमळाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "चला घरी."

त्याचे पाय हलले नाहीत. वीस वर्षं साहेबांनी सांगितलं तिथे उभं राहायची सवय होती त्या पायांना. ती थोडा वेळ थांबली, मग डोक्यावरचा पदर सारखा करून एकटीच परळच्या दिशेने चालू लागली. आत लाउडस्पीकरवर एकेक नाव पुकारलं जात होतं, टाळ्या पडत होत्या. बुधाजी शेवटच्या नावापर्यंत गाडीला टेकून उभा होता. दिवा एकही मिणमिणला नाही.

दोन वर्षांनी वस्तीतल्या मंडळाची माणसं चाळीत आली. गोळीबारात गेलेल्यांच्या नावांचा फलक नाक्यावर लावायचा होता.

"बुधाजीमामा, तुमच्याकडचं कोणी?"

बुधाजी चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "आमच्यातलं कोणी नव्हतं."

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी कमळाबाईने हे ऐकलं. माणसं चाळीतल्या पुढच्या खोलीकडे गेली.