थापेवर चालणारा रेडिओ

आमच्या आत्याबाईंचा रेडिओ मी दुरुस्त केला आणि त्यातच तो गेला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि मी म्हणजे तालुक्याच्या गावी, गंगाखेडला, पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई! (शिकवते ते फळ्यावर. फळ्यावर काढलेला माझा एकही रेडिओ आजवर बिघडलेला नाही.)

तसा तो रेडिओ चालू होता. फक्त दर पाच-दहा मिनिटांनी गप्प व्हायचा. मग आत्याबाई त्याच्या पाठीत एक थाप घालायच्या, की तो निमूट पुढचं बोलायला लागायचा. दोघांचं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मला वाटलं, आत एखादी तार सैल असेल, सोल्डरिंगचा एक डाग दिला की झालं. मी डाग दिला. आतून धुराची एक नाजूक रेघ वर आली.

"काय झालं गं?" आत्याबाईंनी चुलीपासून विचारलं.

"काही नाही, आत्याबाई! जरा गरम झालाय."

"मंग गार होऊ दे."

तो आजतागायत गार आहे.

एरवी हे खपून गेलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वीच परभणीहून रेडिओवाले आमच्या गावात येऊन गेले होते. आत्याबाई, गयामावशी, शेवंतामावशी आणि चंद्रकलाबाई या चौघींच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी भरून नेल्या होत्या. कार्यक्रम येत्या मंगळवारी अकराला लागणार होता! या चौघी रोज दुपारी आमच्या ओसरीवर बसून रेडिओ ऐकतात. पाऊस असो, सुगी असो, चुकवत नाहीत. त्यांचा स्वतःचा आवाज रेडिओतून यायचा दिवस आला, तर मी रेडिओच संपवला.

"बाजारातून नवा आणू," आमचे हे म्हणाले.

तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण माझ्या शिक्षणावर यांची एक तिरकी नजर पडली आणि मी बोलून गेले, "नवा कशाला? मी बनवते."

"तू?" हे म्हणाले. त्या एका अक्षराने माझी झोप उडाली.

पुस्तकात लिहिलंय, वस्तू बनवण्याआधी वापरणाऱ्याला विचारा. मी वही घेऊन चौघींपुढे बसले.

"ते बारकी बारकी बटनं नगंत बाई," शेवंतामावशी म्हणाल्या. "मला दिसत न्हाईत."

"आवाज लय मोठा पायजे," गयामावशी ओरडून म्हणाल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या सगळंच ओरडून म्हणतात.

"काटा पायजे," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "बिनकाट्याचा रेडिओ कुठं असतो व्हय?"

"आणि आत्याबाई, तुम्हाला?"

आत्याबाईंनी विचार केला. "थाप मारली की लागला पायजे. थाप मारली की बंद. मला दुसरं कायबी जमत न्हाई."

मी सगळं लिहून घेतलं. प्लायवूडची पेटी केली. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावून आवाजाचं मोठं बटण केलं. स्वेटरची सुई लाल रंगवून काटा बसवला. (स्टेशन एकच, तेही आतून पक्कं केलेलं. काटा निव्वळ शोभेचा होता.) अडलं ते थापेपाशी. थाप ओळखणारा सुटा भाग दुकानात नव्हता. "मॅडम, मागवाया लागंल. आठ-दहा दिवस जातील," दुकानदार म्हणाला.

माझ्याकडे चार दिवस होते. मग मी डोकं चालवलं. थाप म्हणजे शेवटी आवाजच की! पेटीत एक छोटा माईक बसवला. कडक आवाज झाला की रेडिओ चालू, पुन्हा झाला की बंद. रेडिओने स्वतःच्याच आवाजाने बंद पडू नये, एवढी काळजी मात्र मी घेतली. त्या काळजीचं मला फार कौतुक वाटलं.

शनिवारी आत्याबाईंनी थाप मारली आणि रेडिओ असा दणक्यात लागला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली! गयामावशींना पहिल्यांदा बातम्या ऐकू आल्या. "देशात लय गडबड चालू हाय की!" त्या ओरडल्या.

रविवारी मी खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला घेतले आणि रेडिओ बंद पडला. पुन्हा कुटले, लागला. पुन्हा कुटले, बंद. सोमवारी दाराची कडी आपटली, बंद! यांना शिंक आली, चालू! आतलं काही बदलावं तर मागच्या डागाची आठवण यायची. शेवटी मी रेडिओ तसाच ठेवून घर बदललं. मंगळवारी कुटणं नाही. कडीला फडकं गुंडाळलं. कुत्र्याला सकाळीच शेतात पाठवलं. यांना सांगितलं, "शिंक आली तर रस्त्यावर जायचं."

"आणि ठसका लागला तर?"

"तर गिळायचा!"

मंगळवारी दहापासूनच माणसं जमायला लागली. आत्याबाईंची धाकटी बहीण सकाळच्या गाडीने पूर्णेहून आली. सरपंच आले. चौघी ठेवणीतली लुगडी नेसून पुढे बसल्या. मी मनातल्या मनात यादी तपासत होते : खलबत्ता, कडी, कुत्रा, शिंक. सगळं झालं होतं. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

अकराला आत्याबाईंनी थाप मारली. रेडिओ लागला. निवेदिकेने गोड आवाजात आमच्या गावाचं नाव घेतलं, चौघींची नावं घेतली...

आणि सगळ्या ओसरीने कडकडून टाळ्या वाजवल्या!

रेडिओ बंद.

"काय झालं?" सरपंचांनी विचारलं.

"टाळ्या!" मी किंचाळले. "टाळ्या वाजवू नका!"

आत्याबाईंनी थाप मारली. पेटीतून जात्याची घरघर आली आणि त्यावर त्यांचाच आवाज, खणखणीत. "अगं बया, अक्काच हाय की!" म्हणून पूर्णेच्या मावशींनी आनंदाने टाळी दिली. बंद! आता आत्याबाईंनी आणि शेवंतामावशींनी दोन्ही बाजूंनी एकेक थाप घातली. पहिलीने लागला, दुसरीने बंद! मी पुढे होऊन तिसरी घातली. लागला. सगळे श्वास रोखून बसले. गयामावशींना माझी सूचना ऐकूच गेली नव्हती. इतका वेळ कुणी टाळ्या कशा वाजवीनात, याचं वाईट वाटून त्यांनी एकटीनेच सुरुवात केली.

कुणीतरी मोबाईलवर रेडिओ लावून बघितला. त्यावर गोल चक्र फिरत राहिलं. शेवटच्या थापेला निवेदिका म्हणाली, "आत्ताच आपण ऐकल्या जात्यावरच्या ओव्या."

आत्याबाई रेडिओकडे बघत होत्या. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माझं."

तेव्हा पूर्णेच्या मावशी म्हणाल्या, "अक्का, मी एवढ्या लांबून पेटीला भेटायला आलेय का? तूच म्हण की."

आत्याबाईंनी थाप मारून रेडिओ बंद केला, पदर सावरला आणि सुरू केलं. बाकीच्या तिघींनी धरलं. गयामावशी अर्धी ओळ मागे होत्या, पण त्यामुळेच की काय, ते गाणं ओसरीभर पसरलं. माझे डोळे भरून आले. वीस मिनिटं कुणी हललं नाही.

ओव्या संपल्या. चिडीचूप. माणसं हात काखेत घालून बसलेली. सरपंचांनी तर हात मांडीखाली घेतले होते.

"का रं बाबांनो," आत्याबाईंनी विचारलं, "आवडलं न्हाई का?"

मग मात्र अशा टाळ्या पडल्या की रेडिओ धडाधड चालू-बंद, चालू-बंद होत राहिला आणि हरभऱ्याचा भाव सगळ्या गावाला तुकड्यातुकड्यांनी कळला.

आमचे हे मोबाईलवर सगळं भरून घेत होते. त्यात ओव्यांच्या आधीच फोनची जागा संपली. उरलंय ते एवढंच : टाळ्या, थाप, टाळ्या, थाप आणि माझी किंकाळी.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर सांगितलं, श्रोत्यांच्या आग्रहावरून ओव्या गुरुवारी पुन्हा लागणार. बुधवारी सकाळी बघते तर आत्याबाईंनी माझी पिशवी भरून ठेवलेली! नवी साडी, धपाटे, आईसाठी तीळ. "वंदने, लय दिवस झाले, सेलूला आईकडं जाऊन ये."

अकरा वर्षांच्या संसारात त्या आपणहून पहिल्यांदा मला माहेरी पाठवत होत्या. मला भरून आलं. "आत्याबाई, जाईन की सावकाश. उद्या तुमचा कार्यक्रम आहे ना!"

"म्हनूनच म्हनायलेय," आत्याबाई म्हणाल्या आणि मला एसटीत बसवून कंडक्टरला बजावून आल्या, "हिला सेलूच्या आदी कुठं उतरू दिऊ नका."