पोस्टातल्या मावशी आणि उघडं फाटक

मी एका रँचचं उघडं फाटक बंद केलं. एवढंच केलं. गुरं बाहेर पडतील या काळजीनं गाडीतून उतरलो, तारेची कडी अडकवली आणि स्वतःवर खूश होत पुढे गेलो. गाई राहिल्या फाटकाच्या अलीकडे आणि पाण्याची टाकी पलीकडे. दुपारपर्यंत त्यांच्या हंबरण्यानं सगळी वस्ती गोळा झाली. सगळी म्हणजे अकरा माणसं.

त्यातली अकरावी म्हणजे पोस्ट सांभाळणारी सत्तरीची बाई. आमच्या आत्या वारल्यापासून पृथ्वीवर इतकं हट्टी माणूस तेवढं एकच उरलं होतं. "इथे फाटक सापडेल तसं सोडायचं," तिनं सुनावलं. "उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि म्हणे तुमच्याकडे गाई पुजतात!" भारतात परतल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आपल्या घराचं दार कधी आठवणीनं लावलंत का? तिथे बरं सुचलं!" बायकोनं त्या बाईंचं न पाहताच नाव ठेवलं, पोस्टातल्या मावशी.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या वायोमिंगात रस्त्याच्या मोजणीवर होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझं टपाल मावशींकडेच यायचं. पोस्ट म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. भिंतीवर टपालाचे खण, आणि खणांवर नावं नाहीत. ज्या घराची गुरं ज्या खुणेनं डागलेली, ती खूण. माझ्याकडे गुरं कुठली? माझ्या खणावर त्यांनी खडूनं एक बंद फाटक काढलं. दोन वर्षांत पुसलं नाही.

ते पोस्ट बंद व्हायचं ठरलं होतं. पोस्ट गेलं की नकाशावरचं वस्तीचं नावही जाणार. मावशींनी त्याआधी वस्तीचा इतिहास लिहून, तिथून उठून गेलेल्या प्रत्येक घराला त्याच पोस्टाच्या शिक्क्यानिशी पाठवायचा चंग बांधला. माझ्याकडे टाइपरायटर आहे हे मी बढाईनं बोलून गेलो आणि अडकलो. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लिहिलेला इतिहास तो! कुठल्या हिवाळ्यात किती गुरं गोठली, कुणाच्या लग्नात पाद्रीच बर्फात अडकला. पहिली विहीर कुणी खणली याच्या तर तीन घराण्यांच्या तीन हकिगती. मी पडलो इंजिनीअर. तिन्ही पडताळून एक सुबक हकिगत टाइप केली.

मावशींनी वाचून चष्मा काढला. "बाकीच्या दोन कुठायत?"

"जुळत नव्हत्या."

"जुळतील कशा? ती माणसं चाळीस वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. तिन्ही हव्यात." मग खणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पुन्हा फाटक लावलंस."

सगळं प्रकरण परत टाइप केलं.

शेवटच्या दिवशी पाकिटं गेली. पाच वाजता पोस्ट कायमचं बंद होणार होतं. माझी प्रत राहिली होती. मी समोर उभा, तरी हातात दिली नाही. तिकीट लावलं, शिक्का मारला, प्रत माझ्या खणात ठेवली आणि मग खणातून काढून मला दिली. पहिल्याच पानावर गावाचं नाव शाईच्या गोलात उमटलं होतं. मावशी शिक्का फडक्यानं पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या. म्हटलं, अदबीनं निघावं. बाहेर पडताना उघडं दार हळूच ओढून घेतलं.

आतून आवाज आला, "राहू दे उघडं! अजून पाच वाजलेले नाहीत. दोन वर्षांत एवढंही शिकला नाहीस!"